बर्थखालची दीड फूट जागा

माननीय रेल्वेमंत्री,
रेल भवन, नवी दिल्ली



एप्रिलमध्ये शाळांच्या परीक्षा आटोपल्या की मुंबई, ठाणे, पुण्यातली घरे गावाकडे निघायच्या तयारीला लागतात. कुणी कुडाळ-सावंतवाडीला, कुणी अकोला-नागपूरला. भाद्रपदात गणपतीच्या आधी कोकणच्या गाड्यांना हीच गर्दी पुन्हा लोटते. मे महिन्यात गावाला गेलेले कुटुंब बहुधा तीन-चार आठवडे तिथेच राहते आणि इकडच्या घराला कुलूप असते. ज्या घरात मांजर आहे, तिथे तिकिटे काढण्याआधीच एक प्रश्न उभा राहतो : मनीचे काय करायचे? या प्रश्नाला भारतीय रेल्वेकडे आज धड उत्तर नाही, म्हणून हे पत्र. मागणी सुरुवातीलाच स्पष्ट मांडणे बरे. वातानुकूलित द्वितीय आणि तृतीय श्रेणीच्या डब्यांत, कडी लागणाऱ्या कडक कॅरिअरमध्ये, पशुवैद्याचा दाखला आणि ठरलेले शुल्क घेऊन, ठरावीक संख्येने मांजरे नेऊ द्यावीत. त्यांना बर्थ नको, सवलतही नको. कॅरिअर मालकाच्या बर्थखाली, त्याच्याच सामानाच्या जागेत राहील. अशी परवानगी नसल्यामुळे आज मांजरांचे, त्यांच्या माणसांचे आणि सहप्रवाशांचेही नुकसान होते आहे, एवढेच मला या पत्रात दाखवायचे आहे.

आज पाळीव प्राणी सोबत न्यायचे दोन मार्ग आहेत. पहिला प्रथम श्रेणी वातानुकूलित डब्याचा. तिथली दोन बर्थची कुपे किंवा चार बर्थची केबिन संपूर्ण आपल्यासाठी आरक्षित असेल, तरच प्राणी बरोबर ठेवता येतो. तिघांच्या कुटुंबाला केबिन हवी असेल तर चौथ्या बर्थचेही भाडे भरावे लागते. एवढे करूनही कुपे मिळेल की नाही ते आरक्षणाच्या वेळी कळत नाही. ते कळते चार्ट लागल्यावर, म्हणजे गाडी सुटण्याच्या काही तास आधी, जेव्हा घरातले दूधवाले-पेपरवाले बंद झालेले असतात आणि बॅगा दाराशी येऊन थांबलेल्या असतात. मग स्टेशनात लवकर पोचून पार्सल ऑफिसमध्ये प्राण्याची नोंद करायची. आणि हे सारे ज्या गाडीला प्रथम श्रेणीचा डबा आहे तिथलेच. कित्येक गाड्यांना तो नसतोच, आणि असतो तेव्हा बऱ्याचदा अर्धाच असतो, ज्यात मोजक्याच केबिन बसतात. दुसरा मार्ग ब्रेक व्हॅनचा, जिथे पूर्वीचे गार्ड आणि २०२२ पासूनचे ट्रेन मॅनेजर बसतात, त्या डब्यातल्या डॉग बॉक्सचा. नावातच दिसते की या नियमांची सगळी भाषा कुत्र्याला समोर ठेवून घडली आहे. मांजराला तिथे कुत्र्याच्या मापाने बसवायचे. घरातले मांजर साधारण तीन ते पाच किलो वजनाचे असते, कॅरिअरसकट सहा-सात किलो भरते. तृतीय श्रेणी वातानुकूलित डब्यातल्या प्रवाशाला ४० किलो सामान मोफत नेता येते. म्हणजे तांदळाचे पोते, आंब्यांच्या पेट्या, गौरीच्या डेकोरेशनचे खोके यांना बर्थखाली जागा आहे, आणि दीड फूट लांबीच्या कॅरिअरमधल्या मांजराला नाही.

ब्रेक व्हॅन मांजरासाठी का चालत नाही, हे त्याच्या शरीररचनेवरूनच सांगता येते. मांजराला घाम येतो तो जवळजवळ फक्त पंजांच्या गाद्यांतून. अंग थंड ठेवायला ते स्वतःला चाटते आणि ओल वाळताना जो गारवा मिळतो त्यावर भागवते. कुत्रा सहज धापा टाकून उष्णता बाहेर टाकतो, पण मांजर तोंड उघडून धापा टाकू लागले की ते संकटात आहे असेच पशुवैद्य समजतात. मे महिन्यात भुसावळ-अकोला-नागपूर पट्ट्यात पारा चाळिशीच्या बराच वर असतो. तिथे वातानुकूलन नसलेल्या पत्र्याच्या डब्यात, चार भिंतींच्या पेटीत दुपार काढायची म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. दुसरी बाब कानाची. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराची मर्यादा ६० हजारांच्याही पुढे जाते, कारण उंदरांचे बारीक चिवचिवणे टिपण्यासाठीच तो कान घडलेला आहे. कोकण रेल्वेवर नव्वदच्या आसपास बोगदे आहेत, त्यातला करबुडेचा साडेसहा किलोमीटरचा. त्या बोगद्यांतला चाकांचा आणि ब्रेकचा घणघणाट बंद काचांच्या डब्यात बसून वेगळा वाटतो, आणि ब्रेक व्हॅनच्या जमिनीलगतच्या पेटीत वेगळा. तिसरी बाब वासाची. त्या पेटीत याआधी कुत्रा बसलेला असू शकतो, आणि मांजराच्या नाकाला ती पेटी म्हणजे शत्रूची गुहा. ज्या प्राण्याचे सगळे मानसिक स्थैर्य ओळखीच्या वासावर टिकलेले असते, त्याला आपण ओळखीचा एकही वास नसलेल्या जागी, एकही ओळखीचे माणूस नसताना रात्रभर ठेवतो.

यात कायद्याचा मुद्दाही आहे, आणि तो आपल्या मंत्रालयाने गांभीर्याने घ्यावा अशी विनंती आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली १९७८ साली प्राण्यांच्या वाहतुकीचे नियम झाले. त्यात कुत्री आणि मांजरे यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. लांबच्या प्रवासात त्यांना उन्हाळ्यात दर चार तासांनी आणि हिवाळ्यात दर सहा तासांनी पाणी द्यावे, रेल्वेचा प्रवास सहा तासांहून अधिक असेल तर खाणे-पाणी द्यायला सोबत माणूस असावा आणि त्या माणसाला सर्व स्थानकांवर प्राण्यापर्यंत पोचता यावे, असे ते नियम सांगतात. मुंबईहून नागपूर रेल्वेने ८३७ किलोमीटर आहे, आणि बहुतेक गाड्या त्याला बारा तासांहून अधिक घेतात. सावंतवाडीही सहा तासांत येत नाही. आता प्रत्यक्षात पाहा. बावीस डब्यांची गाडी अर्ध्या किलोमीटरहून लांब असते. कणकवली किंवा कुडाळला ती दोन-तीन मिनिटे थांबते. मधल्या डब्यातल्या प्रवाशाने उतरून टोकाच्या ब्रेक व्हॅनपर्यंत धावायचे, पेटी उघडून पाणी ठेवायचे आणि परत आपला डबा गाठायचा. तरुण माणसालाही हे जमणार नाही, म्हाताऱ्याची गोष्टच सोडा. आणि गाड्यांची ये-जा असलेल्या स्टेशनात घाबरलेल्या मांजराची पेटी उघडणे हा तर सरळ अपघाताला बोलावणे धाडण्याचा प्रकार आहे. सोबतच्या माणसाने काळजी घ्यावी ही १९७८ च्या नियमांची अपेक्षा खऱ्या अर्थाने एकाच ठिकाणी पुरी होऊ शकते : माणूस जिथे बसला आहे तिथेच मांजर असेल तेव्हा.

यावर पहिला आणि सर्वांत समंजस आक्षेप असा की मांजराला न्यायचेच कशाला? कुत्रा माणसाला धरून राहतो आणि मांजर घराला, असे जुनी माणसे सांगत आली आहेत, आणि त्यांच्या निरीक्षणात बरेच तथ्य आहे. मांजर प्रदेशनिष्ठ प्राणी आहे. चार-पाच दिवसांसाठी घर सोडायचे असेल आणि शेजारची विश्वासू व्यक्ती सकाळ-संध्याकाळ येऊन खाणे, पाणी आणि लिटर ट्रे पाहणार असेल, तर मांजराला घरीच ठेवणे उत्तम. या पत्राचा हेतू प्रत्येक मांजराला फिरायला नेण्याचा नाही. पण हा उपाय तीन-चार आठवड्यांना पुरत नाही. शेजारीही मे महिन्यात गावाला जातात. मधुमेह झालेल्या मांजराला दर बारा तासांनी इन्सुलिनचे इंजेक्शन द्यावे लागते. म्हातारपणी मूत्रपिंडे थकलेल्या मांजराला कातडीखाली सलाइन द्यावे लागते. हे काम कितीही प्रेमळ शेजाऱ्यावर महिनाभर टाकता येत नाही. मांजरांची वसतिगृहे मोठ्या शहरांत निघाली आहेत, त्यांतली काही चांगलीही असतील. पण अनेक मांजरे एकत्र आली की सर्दीचे विषाणू झपाट्याने पसरतात, आणि अनोळखी जागी ताणाखाली असलेले मांजर अन्न सोडते. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही, विशेषतः ते लठ्ठ असेल, तर त्याच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते. ताणामुळे बोक्यांना लघवी अडण्याचा त्रास होतो, तो तर काही तासांत उपचार मागतो. ज्या माणसाला आपल्या मांजराच्या रोजच्या सवयी ठाऊक आहेत, त्यालाच हे बदल पहिल्या दिवशी दिसतात. म्हणून लांबच्या मुक्कामासाठी, प्रवास झेपणाऱ्या आणि त्याची सवय लावलेल्या मांजराच्या बाबतीत, एक रात्र कॅरिअरमध्ये आणि मग महिनाभर आपल्या माणसांत, हा पर्याय अनेकदा कमी वाईट असतो. कमी वाईट कोणता हे ठरवण्याचा हक्क त्या कुटुंबाला आणि त्यांच्या पशुवैद्याला असावा. आज तो निर्णय डब्याच्या श्रेणीवरून होतो.

ज्याच्याकडे गाडी आहे तो रस्त्याने जातो. कशेडी, परशुराम, भोस्ते अशी घाटांची वळणे पोटात घेत जाणाऱ्या त्या प्रवासात मांजराची लाळ गळते, ते ओकते, कारण माणसासारखेच त्यालाही गाडी लागते. रूळ त्या मानाने फार सौम्य. ज्याच्याकडे गाडी नाही आणि प्रथम श्रेणीचे भाडे परवडत नाही, त्याच्यापुढे उरतो तो चोरटा मार्ग : पाठीवरच्या सॅकमध्ये किंवा कापडी पिशवीत मांजर लपवायचे, वर टॉवेल टाकायचा आणि टीसी येऊन जाईपर्यंत श्वास रोखून बसायचे. असे करणारी माणसे मुळात नियम मोडणाऱ्यांतली नसतात. ती तिकीट काढून प्रवास करतात, दंडाला घाबरतात आणि म्हणूनच मांजराला अधिक घट्ट कोंडतात. नियम जितका अशक्य, तितकी पिशवी लहान आणि हवा कमी. सहप्रवाशालाही यातून काही मिळत नाही, कारण शेजारच्या पिशवीत काय आहे हे त्याला माहीतच नसते.

लपवाछपवीतला खरा धोका कळायला परदेशातल्या दोन घटना पुरेत. जानेवारी २०२४ मध्ये रशियात येकातेरिनबर्गहून सेंट पीटर्सबर्गला जाणाऱ्या गाडीत ट्विक्स नावाचे मांजर आपल्या कॅरिअरमधून निसटले. डब्यातल्या कर्मचारी महिलेला ते भटके वाटले आणि तिने त्याला किरोव्ह स्थानकावर कडाक्याच्या थंडीत बाहेर सोडले. शेकडो लोकांनी शोध घेतला, ते मेलेले सापडले. साऱ्या देशात संताप उसळला, रशियन रेल्वेला माफी मागावी लागली आणि कर्मचाऱ्यांनी प्राण्याला गाडीतून उतरवू नये असा बदल नियमांत झाला. त्याआधी वर्षभर, जानेवारी २०२३ मध्ये, पॅरिसच्या मोंपार्नास स्थानकात नेको नावाचे मांजर पिशवीतून सुटून उभ्या गाडीखाली गेले. मालकिणींनी विनवण्या केल्या, तरी गाडी निघाली आणि मांजर चिरडले गेले. ते प्रकरण न्यायालयात गेले. कुणी म्हणेल, पाहा, परवानगी दिली की हे असे होते. मला या दोन घटनांतून नेमका उलटा धडा दिसतो. दोन्ही ठिकाणी घात झाला तो कॅरिअर पक्का नसल्याने आणि प्राणी सुटला तर कर्मचाऱ्याने काय करायचे हे ठरलेले नसल्याने. रशियात प्राणी नेण्याला परवानगी तरी होती, पण डब्यात कोणते मांजर कुणाचे आहे ही माहिती त्या कर्मचारी महिलेपर्यंत पोचलेली नव्हती. आपल्याकडे लपवून नेलेल्या मांजराची तर नोंदच नाही, म्हणून माहिती असण्याचा प्रश्नच नाही. रत्नागिरीला मध्यरात्री सॅकमधून सुटलेले मांजर आपल्या टीसीलाही भटकेच वाटणार, आणि त्यात त्याचा काही दोष नसणार. तिकिटावर नोंद, कॅरिअरवर नाव-क्रमांकाची चिठ्ठी आणि टीसीच्या यादीत एक खूण, एवढ्याने हा धोका बराच आटोक्यात येतो.

मी मागतो आहे ते जगावेगळे मुळीच नाही. जपानमध्ये रेल्वे अत्यंत गर्दीची आणि प्रवासी अत्यंत शिस्तीचे, तिथे जेआरच्या गाड्यांत लहान प्राणी पेटीसकट दहा किलोच्या आत असेल तर हातातल्या सामानाचे तिकीट काढून नेता येतो. जर्मनीत डॉइच बानच्या नियमात लहान प्राण्याचे माप सांगताना घरगुती मांजराचीच उपमा वापरली आहे. त्या मापाचा प्राणी पेटीत असेल तर फुकट जातो. ब्रिटनच्या गाड्यांत एका प्रवाशाला दोन पाळीव प्राणी विनाशुल्क नेता येतात. अमेरिकेतल्या ॲमट्रॅकचे उदाहरण आपल्याला सर्वांत उपयोगी आहे, कारण त्यांनी घाई केली नाही. २०१४ मध्ये इलिनॉयमधल्या एका मार्गावर त्यांनी प्रयोग केला, अनुभव पाहिला आणि मगच तो विस्तारला. पेटीसकट वीस पौंड, म्हणजे साधारण नऊ किलो, ही वजनाची मर्यादा आणि सात तासांची प्रवासमर्यादा त्यांनी ठेवली. सात तासांची मर्यादा आपल्याला तशीच घेता येणार नाही, आपली अंतरे मोठी आहेत. रशियातले प्रवास आपल्याहून लांबचे असूनही तिथे प्राणी जातात, म्हणजे वेळ हा अडसर नाही, वेळेनुसार काळजी वाढवणे मात्र आवश्यक आहे. युरोस्टारच्या लंडनच्या गाड्यांसारख्या काही सेवा आजही पाळीव प्राणी घेत नाहीत, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो. पण परदेशाकडे पाहायचीही गरज नाही. एअर इंडिया प्रवाशांच्या केबिनमध्ये लहान मांजर-कुत्रे पूर्वीपासून नेऊ देते, अकासा एअरने नोव्हेंबर २०२२ पासून ते सुरू केले. विमानाची केबिन रेल्वेच्या डब्यापेक्षा अरुंद, तिथून मध्येच उतरताही येत नाही. तिथे जे भारतीय प्रवाशांनी स्वीकारले, ते डब्यात अशक्य कसे?

ॲलर्जीचा आक्षेप खरा आहे आणि त्याला उडवून लावणे मला मान्य नाही. मांजराच्या लाळेतले आणि त्वचेतले एक प्रथिन केसांबरोबर हवेत पसरते, आणि काहींना त्याने शिंका, डोळ्यांची खाज, क्वचित दम्याचा झटकाही येतो. वातानुकूलित डब्यात तीच हवा बऱ्याच अंशी फिरत राहते, हेही खरे. पण हे प्रथिन इतके चिवट आहे की मांजर पाळणाऱ्याच्या कपड्यांवरून ते शाळा-कचेऱ्यांतही जाऊन पोचते. आज मांजर लपवून नेले जाते तेव्हा ॲलर्जी असलेल्या प्रवाशाला काहीच इशारा मिळत नाही. गाडीतला एकच ठरलेला डबा, त्यातलेही टोकाचे एक-दोन कप्पे मांजरांसाठी राखले आणि आरक्षण करतानाच ते दाखवले, तर ॲलर्जीच्या माणसाला त्या डब्यापासून दूर राहता येईल. चुकून तिथे आलाच, तर टीसीने त्याची जागा बदलून देणे हा त्याचा हक्क असावा आणि ते शक्य नसेल तर मांजरवाल्याने हलावे. नियमाने त्याचे संरक्षण वाढेल. मांजराची भीती वाटणाऱ्याला, किंवा प्रवासात प्राणी जवळ नको असे मानणाऱ्यालाही हेच लागू. मांजर आडवे गेले की अपशकुन, ही समजूत मात्र सार्वजनिक नियमाचा आधार होऊ शकत नाही. रोगाची शंका रास्त आहे. रेबीज मांजरालाही होतो, म्हणून लसीकरणाचा आणि प्रकृतीचा दाखला सक्तीचा हवा. घाणीचे म्हणाल तर मांजर हा कमालीचा टापटिपीचा प्राणी आहे, अनोळखी जागी ते दहा-बारा तास लघवी रोखून धरते, आणि कॅरिअरच्या तळाशी शोषून घेणारे पॅड घातले की उरलासुरला धोकाही जातो. आवाजाबद्दल खोटे आश्वासन देणार नाही. बहुतेक मांजरे भीतीने गप्प बसतात, पण काही रात्रभर ओरडतात. अशा मांजराला रेल्वेने आणू नये, आणि हे मालकाने घरच्या जवळच्या फेऱ्यांत आधी पाहून ठेवायचे असते.

आता सर्वांत जड आक्षेप. सर्वसाधारण डब्यात माणसे शौचालयाच्या दाराशी उभी राहून अठरा-वीस तास प्रवास करतात, गणपतीला जायला तिकीट मिळत नाही म्हणून चाकरमानी रडकुंडीला येतो, आणि तुम्ही मांजराची सोय मागता? हा प्रश्न विचारणाऱ्याची चीड मला समजते आणि तिच्याविषयी आदरही आहे. पण तिची दिशा तपासून पाहावी. मी एकही बर्थ मागत नाही. उलट माणसांचे बर्थ खाणारा नियम आजचाच आहे. चार किलोच्या मांजरासाठी संपूर्ण कुपे किंवा केबिन अडवायला तोच भाग पाडतो. ते मांजर तृतीय श्रेणीत मालकाच्या बर्थखाली गेले तर ती जागा माणसांना मोकळी होते, आणि वर शुल्कही रेल्वेच्या तिजोरीत पडते. आणि आजच्या नियमाचा फायदा नेमका कुणाला मिळतो? ज्याला प्रथम श्रेणीचे भाडे किंवा स्वतःची मोटार परवडते त्याला. दादरच्या चाळीत, डोंबिवलीच्या वन रूम किचनमध्ये मांजर पाळणाऱ्या कुटुंबाला तो मिळत नाही. संविधानाच्या ५१ अ कलमाने प्राणिमात्रांविषयी करुणा हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे. ते कर्तव्य पाळण्यासाठी वरच्या श्रेणीचे तिकीट लागावे, हे रेल्वेसारख्या सर्वांच्या वाहनाला शोभत नाही. दार उघडले की उद्या कुणी शेळी आणेल अशी भीती असेल, तर वजनाची आणि पेटीच्या मापाची मर्यादा तिला पुरेशी आहे. कुत्र्यांचा विचार वेगळा करावा लागेल, कारण कुत्र्याला फिरवावे लागते आणि तो भुंकतो. मांजर दिवसातले बारा ते सोळा तास झोपते, त्याला फलाटावर उतरवायची गरज नसते, म्हणून सुरुवात मांजरापासून करणे सोपे.

परवानगीबरोबर मालकावर कर्तव्येही यावीत, आणि ती कडक असावीत. कॅरिअर प्लास्टिकचा किंवा धातूचा, चारी बाजूंनी हवा येणारा आणि बाहेरून कडी लागणारा असावा. कापडी पिशवी चालणार नाही. गाडी सुटल्यापासून उतरेपर्यंत तो उघडायचा नाही, पाणी जाळीला टांगायच्या वाटीतून द्यायचे. कॅरिअर प्रवासाच्या दिवशी माळ्यावरून काढून मांजराला त्यात कोंबणे हीच निम्म्या हालांची सुरुवात असते. तो निदान दोन-तीन आठवडे आधी घरात उघडा ठेवावा, आत मांजराचे नेहमीचे अंथरूण घालावे, तिथेच खाऊ द्यावे, म्हणजे ती पेटी त्याला आपल्या घराचाच एक कोपरा वाटू लागते. निघण्याआधी चार-सहा तास पोटभर खाणे देऊ नये. घाबरट मांजराला पशुवैद्य गॅबापेंटिनसारखे औषध मोजून देतात. माणसाच्या झोपेच्या किंवा तापाच्या गोळ्या कधीही देऊ नयेत, कारण पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. गाभण, फार लहान किंवा आजारामुळे वा वयामुळे प्रवास न झेपणाऱ्या मांजरांना पशुवैद्याने दाखला देऊच नये. या गोष्टी तिकिटासोबत मराठीत, हिंदीत आणि ज्या त्या प्रदेशाच्या भाषेत छापून दिल्या तर त्या वाचल्या जातील, कारण मांजर नेणारा माणूस त्या क्षणी काळजीतच असतो.

हे सगळे एकदम देशभर करावे असे सुचवत नाही. कोकणकन्या आणि विदर्भ एक्स्प्रेस या दोन गाड्यांवर एक वर्ष प्रयोग करावा. दोन्ही रात्रीच्या, म्हणून उन्हाचा त्रास कमी. एकीवर गणपतीची गर्दी अनुभवता येईल, दुसरीवर विदर्भाचा मे महिना. प्रत्येक गाडीत तृतीय श्रेणी वातानुकूलितचा एक डबा, त्यात जास्तीत जास्त चार कॅरिअर. नोंद तिकिटाबरोबर ऑनलाइन व्हावी, पार्सल ऑफिसची फेरी नको, आणि जागा मिळाली की नाही हे त्याच क्षणी कळावे. वर्षभर टीसींनी चार गोष्टी लिहून ठेवाव्यात : किती मांजरे गेली, किती सहप्रवाशांनी तक्रार केली किंवा जागा बदलून मागितली, किती वेळा डबा स्वच्छ करावा लागला आणि एखादे मांजर सुटले किंवा आजारी पडले का. ही आकडेवारी जाहीर व्हावी. ती प्रतिकूल निघाली तर प्रयोग थांबवावा. त्या निर्णयाला निदान अनुभवाचा आधार असेल, जो आजच्या नियमाला नाही. गाड्यांचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. पुढच्या गणपतीचे आरक्षण ज्या सकाळी उघडेल, त्या सकाळी अर्जात प्रवाशांच्या नावांखाली कॅरिअरसाठी एक रकाना असावा, एवढी विनंती आहे.

कळावे,

एक प्रवासी